कार्यालयीन प्रत

३ ऑगस्ट १९९९, मंगळवार

नवी वही काढली. सुमती म्हणाली, "अहो, दिवसभर दुसऱ्यांचं लिहिता, एकदा स्वतःचं लिहून बघा, जमतंय का." हा टोमणा होता. बायकोचे टोमणे मी मनावर घेत नाही, पण वही मात्र आणली.

आधी थोडी हकिकत. कल्याणच्या तार कचेरीत एकतीस वर्षं काढली. लोक रडतभेकत यायचे, रामायण सांगायचे आणि मी त्याची तीन शब्दांची तार करून द्यायचो. 'वडील गंभीर, निघा.' संपलं. निवृत्त झालो आणि गेल्या दिवाळीत ठाण्याला, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, कोलशेत रस्त्याच्या तोंडाशी हे दुकान टाकलं. फोन, झेरॉक्स, ई-मेल. इथे घरोघरी कुठले आलेत कॉम्प्युटर! तेव्हा सगळ्यांचा मिळून पत्ता एकच, माझ्या दुकानाचा. परगावची, परदेशची पोरं त्या पत्त्यावर पाठवतात, विषयाच्या जागी घरच्याचं नाव घालतात, मी छापून पाकिटात घालून देतो. इकडून पाठवायचं असेल तर लोक तोंडी सांगतात, मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतो. प्रत्येक कागदाची दुसरी प्रत काढून फाइलला लावतो. तिला आमच्या तार कचेरीत कार्यालयीन प्रत म्हणत. सवय जाता जात नाही.

मी लोकांची पत्रं वाचत नाही. डोळ्यांखालून जातात, तो भाग निराळा.

आणि तार वेगळी, हे वेगळं. इथे पान भरेपर्यंत लिहायला मुभा आहे. लोक दोन ओळी सांगतात, मी त्याच्या चांगल्या आठ करतो. सातपुतेबाई परवा म्हणाल्या, "अण्णा, तुमचं पत्र वाचून आमचा आनंद अमेरिकेत रडला हो!" माझं पत्र म्हणाल्या. म्हणजे त्यांचंच, पण म्हणाल्या खरं.

९ ऑगस्ट, सोमवार

शेवंती आली होती. कोलशेतच्या कोळीवाड्यातल्या धाकूची मुलगी. औषधाच्या कंपनीत बाटल्या भरायला जाते, जेवणाच्या सुट्टीत धावतपळत येते. तिचं ज्याच्याशी ठरलंय तो महिपत मालवाहू जहाजावर आहे. जहाज कंपनीच्या हापिसात ई-मेल पाठवायचा, तिथून तो जहाजावर जातो. विषयाच्या जागी 'महिपत' नाही, 'दामाजी' लिहायचं, असा तिचा दंडक. का, म्हणून विचारलं तर म्हणते, "तेच लिवा तुमी."

आज उभ्या उभ्याच सांगितलं. "लिवा अण्णा. बापुस बोलला, तुलशीचा लगीन झाला का आपला करून टाकू. तू सुट्टी काढ. आत्ता कोनाला बोलू नको. झाला."

झाला म्हणे! असं कुणी नवऱ्या मुलाला लिहितं? मी नीट केलं. 'तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसले आहे. तुळशीचं लग्न लागलं की कोलशेतला बार उडवून देऊ. इकडे सगळी तयारी झाली आहे, फक्त तू पोचायचा अवकाश. तूर्त कुणाजवळ बोलू नकोस.' वाचून दाखवणार होतो, तर कंपनीचा भोंगा झाला आणि पोरगी पळाली. पाठवून दिलं. 'बार उडवून देऊ' हे फर्मास जमलं. लग्नाला त्याच्यासारखा ठसक्याचा शब्द नाही.

२० ऑगस्ट, शुक्रवार

महिपतचं उत्तर. पोरगा चांगलं लिहितो, शुद्धलेखन सोडून. 'इथे सगळे मला दामाजी हाक मारतात. दादाचं नाव ऐकून ऐकून मीच मला विसरलो. दादा शाळा पुरी करून होडीवर गेला आणि मी नववीत गचकून जहाजावर आलो, नशीब बघ. तुझ्या तोंडून महिपत ऐकायचंय. हे फक्त तुलाच लिहितो.'

खलाशांची थट्टा असणार. आमच्या कचेरीत मलासुद्धा सगळे 'कडकट्ट' म्हणत, तारेच्या आवाजावरून. शेवंतीनं पाकीट तिथेच फोडलं, वाचलं आणि ब्लाउजच्या आत खुपसलं. चेहरा असा फुलला होता की मलाच बरं वाटलं. म्हटलं, "खूश?" तर म्हणाली, "तुमाला काय ठाव काय लिवलाय ते?" मी म्हटलं, "छे गं!"

सुमती कल्याणला सरोजला, म्हणजे तिच्या बहिणीला, अंतर्देशीय लिहीत बसली होती. मी म्हटलं, सरोजच्या जावयाच्या हापिसात ई-मेल आहे, दे मी क्षणात पाठवतो. "तुमच्या यंत्रातून? नको बाई," म्हणाली आणि अंतर्देशीयाच्या तिन्ही कडांना गोंद फासला. एवढा गोंद कशाला लागतो कोण जाणे.

७ सप्टेंबर, मंगळवार

पेपरात लेख आहे. सरकारनं लोकांचे ई-मेल उघडून बघावेत की नाही, यावर कुणी तरी रकाने भरलेत. मला विचाराल तर जरूर बघावेत. उन्हाळ्यात सरहद्दीवर काय झालं ते विसरलो नाही आपण. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्यानं भ्यायचं कशाला?

हे जेवताना बोललो. सुमती ताक वाढता वाढता म्हणाली, "मग उद्यापासून न्हाणीघराची कडी काढून टाका. तुमच्याकडे कुठे काय लपवण्यासारखं आहे!"

बायकांशी वाद घालू नये. विषय कुठल्या कुठे नेतात.

२१ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी एक गृहस्थ आले. साधे कपडे, पण बूट पोलिसाचे. ओळखपत्र दाखवलं, लगेच खिशात घातलं. साहेबच म्हणतो मी, नाव काय ते नीट दिसलंच नाही. म्हणाले, "अण्णा, हे तुमच्याकडून गेलंय?" आणि घडी घातलेला कागद पुढे केला.

माझंच. म्हणजे शेवंतीचं, ९ ऑगस्टचं. खाली लाल शाईनं हिंदीत भाषांतर. जहाज कंपनीच्या हापिसात कुणी उत्तरेकडचे बाबू आहेत, त्यांनी इंग्रजी अक्षरं वाचून आपल्या परीनं अर्थ लावला: 'कोलशेत का बार उड़ा देंगे. सारी तैयारी हो चुकी है. किसी से कहना मत.' बार म्हणजे दारूचा बार! कोलशेत रस्त्यावर दोन आहेतही.

मी खो खो हसलो. साहेबही हसले. म्हणाले, "मी इथलाच, कोपरीचा. माझ्या लग्नाचाही बार उडालाय, मला समजत नाही होय? पण कागद वर गेला. वर गेलेला कागद आपोआप खाली येत नाही, त्याला चौकशी जोडावी लागते. या दोघांचं मागचं-पुढचं सगळं असेल तर द्या, वाचतो, 'काही नाही' असं लिहितो आणि मिटवतो. नाही तर पोरीला बोलवावं लागेल पोलीस ठाण्यात."

पोरीला ठाण्यात! कोळीवाड्यात बोभाटा झाला असता, ठरलेलं लग्न मोडलं असतं. मी म्हटलं, "तिला अजिबात बोलवू नका. माझ्याकडे सगळ्याची प्रत आहे, तारखेवार." साहेबांच्या भुवया वर गेल्या. "वा! असे लोक पाहिजेत," म्हणाले.

फाइल दिली. तिथेच बसून चाळली त्यांनी, चहा घेत. मध्येच म्हणाले, "हा दामाजी कोण आणि महिपत कोण?"

"अहो एकच," मी म्हटलं. "जहाजावर त्याला दामाजी म्हणतात. दादाचं नाव आहे ते." आणि २० ऑगस्टचा कागद काढून दिला, उगाच गोंधळ नको म्हणून. त्यांनी तो दोनदा वाचला, मग वहीत काही तरी टिपलं. मी सगळ्या कागदांची झेरॉक्स काढून दिली.

२२ सप्टेंबर, बुधवार

सुमतीला सांगितलं. वाटलं, शाबासकी देईल.

"लेखी हुकूम होता त्याच्याकडे?"

"साहेब होता तो, सुमती."

"तार कचेरीत असताना कुणी असा साहेब आला असता, तर दाखवली असतीत कुणाची तार? कागदाशिवाय?"

नसती दाखवली. एकाहत्तर साली एक फौजदार असाच आला होता, त्याला मी दारातून परत पाठवलं होतं. हे तिला मीच शंभर वेळा सांगितलंय. पण तिथे सरकारचं काम होतं, नियमाचं पुस्तक होतं. इथे माझं दुकान. इथे मी माणुसकीनं वागलो. हे तिला पटत नाही आणि मला सकाळपासून काही सुचत नाही. दोनदा चुकीच्या नंबरावर फॅक्स केला.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

साहेबांचा फोन. "बारचं प्रकरण मिटलं, अण्णा. वरचेही हसले." हुश्श! शेवंतीला पत्ताही लागला नाही. मग सुमतीला म्हटलं, "बघ, झालं की नाही सगळं सुरळीत?" ती गहू निवडत होती, मान वर केली नाही.

एक मात्र आहे. फोन ठेवता ठेवता साहेब म्हणाले, "तुमच्यामुळे दुसरंही एक काम झालं." कुठलं ते विचारायच्या आत फोन ठेवला.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी मशीन लावलं तर महिपतचा ई-मेल. जहाजाच्या पत्त्यावरून नाही, दुबईहून, कुणा एजंटाच्या पत्त्यावरून. जसाच्या तसा उतरवतो:

'शेवंती, मला दुबईला उतरवलं. दादाच्या दाखल्यावर नोकरीला लागलो ते कंपनीला कळलं. पासपोर्ट एजंटाकडे ठेवलाय, केस करणार म्हणतात. आठ जणांच्या खोलीत आहे. दोन वर्षं कुणाला कळलं नाही. दादा बोलणार नाही, तोच अडकेल. मी फक्त तुला लिहिलं होतं. तू कुणाला बोललीस का? खरं सांग.'

तीनदा वाचलं. मग फाइल काढून २० ऑगस्टचं वाचलं. दादाचं नाव. दादानं शाळा पुरी केली. अरे देवा! एवढं सरळ लिहिलेलं, आणि मी म्हणे खलाशांची थट्टा! साहेबाला कळलं. बसल्या जागी, चहाच्या एका कपात कळलं. आणि कागद काढून कुणी दिला? मी. न मागता.

पण मला काय ठाऊक? मुळात खोट्या दाखल्यावर जायचंच कशाला? चूक त्याची आहे. हे मी सकाळपासून दहा वेळा मनाशी म्हटलं असेल.

शेवंती जेवणाच्या सुट्टीत डोकावली. "आलाय काय माजा?" मी म्हटलं, "लाइन बंद आहे आज."

१४ ऑक्टोबर, गुरुवार

आजही लाइन बंद होती, म्हणजे तिला तसं सांगितलं. तेवढ्यात सातपुतेबाई मागून आल्या आणि मी त्यांना आनंदचं पाकीट दिलं. शेवंतीनं पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी झेरॉक्सचं झाकण उघडलं नि बंद केलं.

जेवण जात नाही. सुमतीनं विचारलं, "कुणाचं काय दाबून ठेवलंत?" ही बाई तारयंत्रापेक्षा तिखट आहे.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

दिलं पाकीट. पण एक केलं. शेवटचं तेवढं काढलं. 'मी फक्त तुला लिहिलं होतं. तू कुणाला बोललीस का? खरं सांग.' एवढंच. बाकी काना-मात्रेचा फरक नाही. पोरीवर आधीच आभाळ कोसळलेलं, त्यात त्यानं घेतलेला संशय कशाला वाचायला लावायचा? पोरगा रागाच्या भरात लिहून गेला, उद्या त्यालाच वाईट वाटेल. एकतीस वर्षं शब्द कापले, कुठला ठेवायचा नि कुठला नाही ते मला समजतं.

तिनं दुकानातच वाचलं आणि मटकन स्टुलावर बसली. "आता तो येनार कसा, अण्णा? पासपोर्टच नाय त्याचे जवल." मी पाणी दिलं. मग लिहायला सांगितलं: "घाबरू नको. मी हाय. किती बी लेट झाला तरी मी हाय." आज मी एक अक्षर वाढवलं नाही.

तिनं मात्र त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. देणार कसं, प्रश्न तिला दिसलाच नव्हता. हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा ई-मेल जाऊन तास झाला होता.

२७ ऑक्टोबर, बुधवार

'शेवंती, साधं विचारलं होतं. हो की नाही. तू त्यावर बोललीच नाहीस. म्हणजे समजायचं ते समजलो. बापाला सांग तुळशीच्या लग्नानंतरचं कॅन्सल. आणखी लिहू नको.'

आगीतून फुफाट्यात, दुसरं काय! हे पाकिटात घालून तिच्या हातात कसं ठेवू? आणि नाही ठेवलं तर ती रोज येणार, रोज विचारणार, घरात मांडवाची बोलणी चालू राहणार. धाकू परवा रस्त्यात भेटला होता. म्हणाला, "अण्णा, पोराचा काय तरी लफडा झालाय, पन येल तो. पापलेट तुमच्या घरी मीच आनून देनार लगनाला." मी म्हटलं, आम्ही मासे खात नाही. हे काय उत्तर झालं?

याचं उत्तर शेवंतीच्या नावानं मीच लिहावं, असंही डोक्यात आलं. 'मी कुणाला बोलले नाही.' चारच शब्द. टाइपही केले. मग पुसले. या चार शब्दांवर त्यानं का विश्वास ठेवावा? खरं सांगायचं तर मला लिहावं लागेल, 'अण्णा बोलले.' आणि ते अण्णांच्या हातून उमटेना.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

सुमतीला सगळं सांगितलं. भाजी चिरायची थांबली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला एक सांगा," म्हणाली. "त्या कागदांत आपल्या घरातलं काही निघालं असतं, तर दिली असतीत फाइल?"

"आपल्या घरातलं त्या फाइलीत कसं असेल?"

"नाहीच. मी ठेवू दिलं नाही," ती म्हणाली. "आता उठा आणि त्या पोरीला सगळे कागद द्या. न कापलेले."

मी म्हटलं, धाकू मला खाडीत बुडवील. "बुडवू दे," म्हणाली.

१ नोव्हेंबर, सोमवार

आज सांगितलं. तिची सुट्टी तीस मिनिटांची, त्यातली दहा मी घसा खाकरण्यात घालवली. मग फाइलच पुढ्यात ठेवली, दुबईचे दोन्ही कागद वर, न कापलेले. आणि साहेब आला होता ते सांगितलं.

ती एक एक कागद ओठ हलवत वाचत गेली. भोंगा झाला, उठली नाही. पहिल्यांदा विचारलं ते भलतंच. "ही फाइल म्हंजे... तुमी सगला ठेवलाव? मी काय बोललो, तो काय बोलला, सगला?"

"कार्यालयीन प्रत," मी म्हटलं. "सवय."

"कोनी सांगलेला ठेवाला?"

कुणीच नाही. कुणीही सांगितलं नव्हतं.

मग ९ ऑगस्टचा कागद तिच्या हाती लागला. 'बार उडवून देऊ' वर बोट ठेवून थांबली. "ह्यो मी बोललोच नाय. मी बोललेलो, लगीन करून टाकू." आणखी कागद उलटे केले. "डोले लावून बसलोय, ह्यो पन मी नाय. चांदन्यात तुजी आठवन येते, ह्यो पन नाय. ह्यो तर मी कवाच नाय बोललो!" आवाज चढत गेला. झेरॉक्सला आलेली दोन माणसं बाहेर जाऊन उभी राहिली. "तो मना उलट लिवाचा, शेवंती तू काय मस्त लिवतंस. मना वाटाचा, काय मस्त लिवलाय मी? मंग तो कोनाच्या प्रेमात हाय, अण्णा? माज्या का तुमच्या?"

मी म्हटलं, "अगं, मी भल्यासाठीच..."

"भल्यासाठीच साहेबाला दिलाव. भल्यासाठीच कापलाव." ती उठली. रडत नव्हती. मला वाटलं होतं रडेल, त्याची तयारी करून बसलो होतो मी. "त्या साहेबाचा काय ना, तो परका. त्याना वाचला तर माजा अंग चोरून मी चालली असती. तुमच्याम्होरं मी उघडी बसली व्हती, वरीसभर."

सगळे कागद पदराखाली घेऊन गेली. रिकामं पुठ्ठ्याचं कव्हर राहिलं.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

धनत्रयोदशी. दुकान उघडं आहे, गर्दी आहे, सगळ्यांना परदेशी शुभेच्छा पाठवायच्यात. लोक सांगतात ते आणि तेवढंच टाइप करतो. सातपुतेबाई म्हणाल्या, "अण्णा, तुमचा हात आटला की काय?" दुसरी प्रत काढत नाही. बाकीच्या सगळ्या फाइली, अकरा होत्या, बंबात घातल्या. सुमतीनं काडी लावून दिली.

तरी डोळ्यांखालून जातंच. पाकिटात घालायचं तर छापायला हवं, छापायचं तर उघडायला हवं. मी करू तरी काय?

महिपतला मी स्वतः लिहिलं, माझ्या नावानं. सहा वेळा. पहिलं दोन पानं झालं, त्यात माझी कल्याणची नोकरीसुद्धा आली. शेवटी ठेवलं ते एवढं: 'साहेबाला मी सांगितलं. शेवंतीनं नाही. तुझा प्रश्न तिला पोचू दिला नाही तोही मीच.' पाठवलं. उत्तर नाही. एजंटाचा पत्ता बदलला असेल, किंवा माझं नाव बघून त्यानं उघडलंच नसेल. दर अर्ध्या तासानं लाइन जोडून बघतो.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

आज तुळशीच्या लग्नाचा शेवटचा दिवस. तीन आठवड्यांनी शेवंती आली. मी उठून उभाच राहिलो.

"मशीन पायजे," म्हणाली. "मीच लिवनार. कुठं दाबाचा ते दाखवा, मंग तुमी बाहेर बसा."

दाखवलं. पत्ता कुठे, मजकूर कुठे, पाठवायचं कुठे. एकदा सांगितलं, तिला कळलं. दहावीपर्यंत शिकलेली मुलगी, येणारच. इतके दिवस तिच्या हाती कीबोर्ड द्यायचं मला सुचलं कसं नाही, याचं नवल वाटलं. बाहेर स्टूल टाकून रस्त्याकडे तोंड करून बसलो. आतून एक एक कळ वाजत होती. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक, टक. कानांनी अक्षरं मोजायचा जन्माचा रोग आहे मला, पण या आवाजावरून काही लागेना. महिपतनं माझं वाचलं की नाही? तिला माफ केलं का? केस झाली का? ती बाहेर आली, "येतंय मी" म्हणाली आणि गेली. तोंडावरून काही कळलं नाही.

मी आत आलो. म्हटलं, मशीनकडे बघायचंसुद्धा नाही. दोन फॅक्स केले. एका गृहस्थाला मस्कतचा फोन लावून दिला. मग वाटलं, पोरीनं पहिल्यांदाच पाठवलंय, पत्ता चुकला असेल तर? गेलाच नसेल तर बिचारी वाट बघत बसेल. गेला की नाही, एवढंच बघायचं. मजकूर नाही.

गेला होता. पण दुबईला नाही. पत्त्याच्या जागी माझ्याच दुकानाचा पत्ता होता. विषयाच्या जागी 'अण्णा'. मग उघडला. माझ्याच नावाचा होता, उघडायला हरकत नव्हती. पण नाव दिसायच्या आधीच हात कळीवर गेला होता, हे इथे लिहून ठेवतो.

'अण्णा, तुमी उघडनार ते मना ठाव व्हता. बाहेर बसून बी उघडनार. महिपतचा आनि माजा काय झाला, तो येनार का नाय, लगीन हाय का मोडला, ह्या तुमाला कवाच कलनार नाय. कोलशेतात कोनाला विचारू नका, मी सगल्याना सांगून ठेवलाय. शेवंती.'

४ डिसेंबर, शनिवार

बँकेतून परत येताना शेवंती रस्त्याच्या पलीकडून चालली होती, बरोबर तिची आई. दोघींच्या हातांत कापडाच्या दुकानातल्या भरलेल्या पिशव्या. लग्नाचा बस्ता असेल. नाही तर परत करायला निघाल्या असतील, दुकान त्याच दिशेला आहे. शेवंतीनं मला पाहिलं, डोळे बारीक केले. उन्हामुळे केले असतील. मी हात वर केला, तोवर मध्ये टँकर आला आणि तो गेल्यावर त्या वळून गेल्या होत्या.

घरी आल्यावर सुमतीला म्हटलं, "तुला बायकांकडून काही कळलं असेल ना गं?"

"कळलंय," म्हणाली, आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

सात घड्या होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. मग दुकान उघडायची वेळ झाली म्हणून खाली आलो.